पाचवा गिअर आणि जाईबाईंचा गुडघा

बुद्धरत्न ओव्हाळांच्या मोटारीला लोक डुक्कर फियाट म्हणत, ते त्यांना आवडत नसे. एकोणीसशे अठ्ठावन्न सालची, दुधी रंगाची, गोल पाठीची ती गाडी समोरून पाहिली तर नाव अगदीच चुकीचं नव्हतं. पण एखादी गोष्ट खरी आहे म्हणून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्यानं बोललीच पाहिजे असं नाही, असं त्यांचं मत होतं. नऊ वर्षांपूर्वी चिंचवडगावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी ती घेतली. का घेतली, या प्रश्नाला ते उत्तर देत नसत, आणि त्यांच्या पत्नी अंजलीताई नऊ वर्षं तोच प्रश्न विचारत होत्या.

गाडीचा एक गुण मात्र अंजलीताईही मान्य करत. ओव्हाळांच्या आई जाईबाई, वय एकोणऐंशी, यांचा उजवा गुडघा सहा वर्षांपासून वाकत नव्हता. हल्लीच्या गाड्यांत माणूस बसत नाही, घुसतो. आणि जाईबाईंना घुसता येत नव्हतं. एकदा भाड्याची गाडी बोलावली होती. तीत त्यांचं डोकं आणि डावा पाय गेला, उरलेल्या जाईबाई बाहेर राहिल्या, आणि ड्रायव्हरनं वीस मिनिटं वाट पाहून फेरी रद्द केली. फियाटचं पुढचं दार उलटं उघडायचं, बिजागऱ्या मागच्या बाजूला. सीट खाटेएवढी उंच आणि या दारापासून त्या दारापर्यंत बाकासारखी सलग. जाईबाई पाठमोऱ्या होऊन टेकत, डावा पाय आत घेत, मग उजवा पाय कुणीतरी उचलून आत ठेवी, आणि तो गाडीच्या मधोमध तिरका पसरून राही. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे मधली जमीन मोकळीच होती. जगात जाईबाईंना बसता येईल अशी ही एकच मोटार होती, आणि ती ताशी पन्नासच्या वर जात नव्हती.

आता हे जाणं कशासाठी, ते सांगायला हवं. जाईबाईंची थोरली बहीण आक्काबाई नाशिकरोडला आपल्या मुलाकडे राहत. दोघी रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर बोलत. दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे, दोन्हीकडच्या जेवणात आज कुठली भाजी होती हे ओव्हाळांच्या थेरगावातल्या अख्ख्या इमारतीला कळत असे. भेट मात्र सहा वर्षांत नव्हती. ऑक्टोबरात आक्काबाई न्हाणीघरात पडल्या, आठ दिवस दवाखान्यात राहिल्या. त्यानंतर सातच्या फोनवर त्यांचा आवाज बारीक येऊ लागला. इमारतीला काही ऐकू येईना.

एका संध्याकाळी फोन खाली ठेवून जाईबाई म्हणाल्या, "रतन, आक्काला बघाया पायजे."

त्या एकदाच बोलल्या. पुन्हा बोलल्या असत्या तर ओव्हाळांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी ते आईला फियाटमध्ये घालून निघाले. चार गिअरची गाडी. चौथ्यात पन्नासच्या पुढे काटा सरकला की इंजिन असं किंचाळायचं, की शेजारून जाणारे दुचाकीवाले वळून आत कुणाला लागलंय का ते बघत. राजगुरुनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरनं, दोन ट्रॉल्यांसकट, त्यांना मागं टाकलं. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना हात दाखवला. तो हात नमस्काराचा नव्हता, धीर देण्याचा होता, आणि हे ओव्हाळांना फार लागलं. त्या अपमानात त्यांनी पाय दाबून ठेवला. पुढच्या दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. मंचरकडून रिकाम्या येणाऱ्या एका कांद्याच्या टेम्पोला दया आली. तो थेरगावकडेच येत होता. त्यानं दोर बांधून फियाट ओढत घरापर्यंत आणली. ओढलं जाताना आत अर्थातच काही आवाज नव्हता. मोशी ओलांडल्यावर जाईबाई म्हणाल्या की आता कशी गुमान चालली, आधीपासनं अशी का चालवली नाही.

त्या रात्री त्यांनी गाडीला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचं ठरवलं. पाचव्या गिअरमध्ये चाकं पळतात आणि इंजिन निवांत राहतं, हे त्यांना माहीत होतं. माहीत असायलाच हवं होतं. चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं ते गिअरबॉक्सच्याच विभागात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. त्यांच्या हातात दोन शिक्के होते, एक 'ओके' आणि एक 'रिजेक्ट', आणि दुसरा मारायला त्यांनी कधी दोनदा विचार केला नव्हता. आता यात एक बारीक गोष्ट होती, जी ओव्हाळांनी कुणाला सांगितली नव्हती. सव्वीस वर्षं ते गिअरबॉक्सच्या कवचाला असलेलं एक भोक मोजत होते. एकच. बेचाळीस मिलिमीटरचं. त्या भोकाबद्दल महाराष्ट्रात त्यांच्याएवढं जाणणारा माणूस नव्हता. आत काय असतं, ते पुढच्या विभागाचं काम होतं.

बेत सोसायटीत फुटायला एक दिवस लागला. तिसऱ्या मजल्यावरचा धनेश हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं सांगितलं, काका, गिअरबॉक्स विसरा, इंजिनच काढा आणि गाडी बॅटरीवर करा. जाईबाईंनी त्याला विचारलं की बॅटरी मधेच संपली तर कांद्याचा टेम्पो बॅटरीच्या गाडीला ओढतो का. धनेश फोनमध्ये शोधू लागला. निगडी प्राधिकरणात बंगला असलेल्या, जुन्या गाड्यांच्या एका शौकिनानं फोन करून बजावलं की अशा गाडीचं मूळ अंग बदलणं म्हणजे पाप आहे. त्यांची स्वतःची गाडी पूर्णपणे मूळ स्थितीत होती आणि एकोणीस वर्षं जागची हलली नव्हती. सोसायटीचे चेअरमन साहेबराव जगदाळे यांनी सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं की काम पार्किंगमध्ये होणार का, आणि खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. साहेबरावांनी वहीत काही लिहिलं की माणसाला पुढचे आठ दिवस नीट झोप लागत नसे.

ओव्हाळ नियमानं चालणारे. गाडीला हात लावण्याआधी ते मोटारींची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात परवानगी मागायला गेले, आणि तिथं त्यांनी सगळ्यांनाच अडचणीत आणलं. खिडकीमागच्या गृहस्थांनी विचारलं, इंजिन बदलायचंय का. नाही. चेसिस? नाही. रंग? नाही. मग काय? गिअरबॉक्स. गृहस्थांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला, उजेडात धरून पाहिला. इंजिनाला रकाना होता, रंगाला होता, मालकाच्या वडिलांनाही होता. गिअरबॉक्सला नव्हता. त्यांनी सौजन्यानं सुचवलं की 'इतर' या रकान्यात टाका. पण 'इतर'साठी गाडी बनवणाऱ्यांचं ना-हरकत पत्र लागत होतं. बनवणारे आता गाड्या बनवत नाहीत, असं ओव्हाळांनी सांगितलं. मग ते बनवत नाहीत असं त्यांच्याकडून लिहून आणा, असं ठरलं.

तिसऱ्या खेपेला ते आतल्या साहेबांपुढे बसले. साहेबांनी शांतपणे समजावलं की ज्याची आमच्याकडे नोंद नाही, ते बदललं तरी आमच्या लेखी काही बदलत नाही. तेव्हा तुम्ही काहीही बदललेलं नाही असं प्रतिज्ञापत्र द्या, म्हणजे विषय मिटेल. ओव्हाळ म्हणाले की आत्ता काही बदललेलं नाही, पण बदलणार आहे. बदलल्यावर बदललेलं नाही असं कसं लिहू. साहेबांनी चहा मागवला. शेवटी ओव्हाळांनी एक साधा अर्ज लिहून आवक टेबलावर दिला आणि आपल्या प्रतीवर गोल शिक्का घेतला. या शिक्क्याचा अर्थ कागद मिळाला एवढाच होता. पण तो सरळ उमटला होता, कडा स्वच्छ होत्या, आणि शिक्क्यातलं ओव्हाळांना कळत होतं. त्यांनी ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवली.

मेकॅनिक मिळाला ज्योतीराम. लातूरकडचा, पंधरा वर्षांपूर्वी चाकणला आला, तिथं टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, राहायला थेरगावातच. ओव्हाळ गिअरबॉक्सच्या कंपनीत सव्वीस वर्षं आहेत हे कळल्यावर त्यानं त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. पुढच्या रविवारी दोघं चिखलीच्या भंगारात गेले आणि मोडीत निघालेल्या एका जीपगाडीचा पाच गिअरचा बॉक्स घेऊन आले. ज्योतीरामनं फियाट सोसायटीतच चार विटांच्या थरांवर चढवली, कारण त्याच्या गॅरेजात टेम्पोंची रांग होती. जुना गिअरबॉक्स खाली काढला. मग नवा उघडला आणि ओव्हाळांकडे पाहिलं.

"साहेब, यातलं तुमीच बगा. मला टेम्पोचं कळतंय."

ओव्हाळांनी आत पाहिलं. आत पुष्कळ दाते होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दाते तेवढेच होते. सव्वीस वर्षांचा सन्मान एका बाजूला आणि आईचा गुडघा दुसऱ्या बाजूला, अशा स्थितीत माणूस जे करतो ते त्यांनी केलं. गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "बंद करा. ठीक आहे."

ज्योतीरामनं बंद केला. त्याचा साहेबांवर इतका विश्वास होता की पुढे जे झालं त्यासाठी त्यालाही काही अंशी जबाबदार धरावं लागेल.

नवा बॉक्स जुन्या इंजिनाला जुळेना. मध्ये जाड लोखंडी चकती लागणार होती आणि तिला मधोमध एक भोक. इथं ओव्हाळांना पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली. त्यांनी चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये उभं राहून ते भोक पाडून घेतलं, चार वेळा मोजलं, दोन वेळा परत पाठवलं. तिथल्या माणसानं अखेर हात जोडले. केसाच्या विसाव्या भागाएवढीही चूक नसलेलं ते भोक घेऊन ओव्हाळ थेरगावला आले. ज्योतीरामनं चकती जागेवर ठेवली आणि चार किलोच्या हातोड्यानं ठोकून बसवली. ओव्हाळ थोडा वेळ जिन्याकडे तोंड करून उभे राहिले.

मग वेगाच्या काट्याची तार नव्या बॉक्सला जोडता येईना, म्हणून काटा शून्यावरच राहिला. मग गाडीच्या तळाला, पुढच्या सीटच्या समोर, नव्या दांडीसाठी भोक पाडावं लागलं. दांडी वर आली, पण मागे ओढून टाकायच्या गिअरला नेली की सीटवर आपटायची. सीट कापायची गोष्ट निघाली तेव्हा जाईबाई खिडकीतून खाली बघत होत्या. त्या नुसत्या बघत राहिल्या. ज्योतीराम म्हणाला की सीट न्हाई कापत, दुसरं करतो.

या सगळ्याला सात आठवडे लागले. दरम्यान साहेबरावांच्या वहीतला मजकूर टाइप होऊन खाली आला. फाटकाशेजारी, काचेचं दार असलेल्या सूचना फलकात नोटीस लागली की पार्किंग क्रमांक नऊमध्ये 'कायमस्वरूपी न हलणारी वस्तू' ठेवण्यात आली असून ती त्वरित हलवावी. ओव्हाळांनी 'वस्तू' या शब्दाला लेखी हरकत घेतली. साहेबरावांनी लेखी कळवलं की विटांवर उभं असलेलं काहीही वाहन नसून बांधकाम असतं. जिन्यात भेटल्यावर दोघं एकमेकांना नमस्कार करत. लेखी बोलणं वेगळं आणि जिना वेगळा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी विटांवरून उतरली. निम्मी सोसायटी खाली आली होती. ओव्हाळ आत बसले, ज्योतीराम बाहेरून काहीतरी सांगत होता, पण त्या गर्दीत त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी क्लच दाबला, दांडी डावीकडे आणि वर नेली, जिथं साऱ्या जगात पहिला गिअर असतो, आणि सुटले.

गाडी मागे गेली. अतिशय सुरेख गेली, हे ज्योतीराम आजही सांगतो. धक्का नाही, खरखर नाही. नऊ क्रमांकातून निघून ती सरळ रेषेत फाटकाशेजारच्या फलकावर जाऊन थांबली. काच फुटली, फलक वाकला, आणि कायमस्वरूपी न हलणाऱ्या वस्तूची नोटीस त्या वस्तूच्या मागच्या बंपरवर पडली.

कुणी हसलं नाही. साहेबराव उभे असल्यामुळे ते शक्यच नव्हतं. त्यांनी नोटीस उचलली, झटकली, घडी घालून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "हलली म्हणायची."

झालं होतं ते असं. सीट वाचवण्यासाठी ज्योतीरामनं दांडीचं वरचं डोकं उलटं फिरवून बसवलं होतं. त्यामुळे जागा झाली, फक्त गिअर उलटे झाले. पहिल्याच्या जागी रिव्हर्स आला, पहिला उजवीकडे खाली गेला, बाकीचे मधल्या मधे. ओव्हाळांनी एका कागदावर नवा नकाशा काढून समोर चिकटवला. पुढचे चार दिवस ते कंपनीतून आल्यावर डांगे चौकापर्यंत सराव करत. तिथल्या वाहतुकीत तिसऱ्याच्या वर जाण्याइतका रस्ता कुणाच्याच वाट्याला येत नाही, त्यामुळे नकाशातला पाचवा गिअर प्रत्यक्ष गाडीत नेमका कुठे येतो, हे कळायचं राहून गेलं. फलकाची भरपाई त्यांनी मागायच्या आत भरून टाकली.

सोमवार-मंगळवारची रजा टाकून रविवारी पहाटे पाचला निघाले. पुढे जाईबाई, मागे अंजलीताई, त्यांच्या मांडीवर भाकरीचा डबा. काटा शून्यावर असल्यामुळे धनेशनं ओव्हाळांच्या फोनमध्ये वेग दाखवणारी सोय करून दिली होती. तो फोन जाईबाईंच्या हातात दिला. आकडे वाचायला त्या मोठेपणी, मुलं शाळेत जायला लागल्यावर शिकल्या होत्या, आणि त्यांना ते मोठ्यानं वाचायला आवडे. चाकणची कोंडी सुटली, राजगुरुनगर मागं पडलं. जाईबाई अठ्ठेचाळीस म्हणाल्या, मग पन्नास. इंजिन किंचाळू लागलं. ओव्हाळांनी क्लच दाबला आणि नकाशाप्रमाणे दांडी डावीकडे, खाली ओढली. तिथं आईचा गुडघा होता.

दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा दांडी गुडघ्यावर आपटली आणि जाईबाई म्हणाल्या, आरं काय खुपसतोस. शेवटी गाडी कडेला घेऊन ओव्हाळ उतरले, सीटभोवती वाकून पाहिलं आणि परिस्थिती समजून घेतली. न वाकणारा पाय जिथं पसरतो, नेमक्या तिथंच पाचवा गिअर पडत होता. आईला मागं बसवता येत नव्हतं, मागचं दार अरुंद. पाय दुसरीकडे ठेवता येत नव्हता, दुसरीकडे गाडी नव्हती. मागून अंजलीताईंनी विचारलं की सात आठवड्यांत कुणी आईंना एकदा बसवून पाहिलं का. हा प्रश्न इतका रास्त होता की ओव्हाळांनी तो ऐकलाच नाही.

तोडगा जाईबाईंनी काढला. त्यांनी दोन्ही हातांनी आपला गुडघा धरला, पेटीचं झाकण उचलावं तसा वर उचलला आणि म्हणाल्या, "टाक आता."

पाचवा पडला. मग त्यांनी पाय दांडीवर अलगद टेकवला.

आणि आवाज गेला. इंजिनानं मोठा श्वास सोडल्यासारखं केलं आणि ते गप्प झालं. टायरांचा आणि वाऱ्याचा तेवढा आवाज उरला. जाईबाईंनी घाबरून विचारलं की बंद पडली का. ओव्हाळ म्हणाले नाही, ही चाललीये, वाच. त्यांनी वाचलं. बासष्ट. मग सहासष्ट. मंचरच्या पुढे त्यांनी एकाहत्तर वाचलं आणि ओव्हाळांनी तो आकडा पुन्हा वाचायला लावला. सव्वीस वर्षांत त्यांनी जे काही ओके केलं होतं त्यातलं काहीच त्यांनी असं चालताना पाहिलं नव्हतं. पुढे गाव आलं की ते "आई" म्हणत, त्या पाय उचलत, चौथा पडे. गाव संपलं की पुन्हा "आई". नारायणगाव येईपर्यंत त्यांना सांगावं लागेनासं झालं. इंजिनाचा सूर बदलला की गुडघा आपोआप वर यायचा.

आळेफाट्याच्या पुढे रस्ता मोकळा होता. इंजिन पाचव्यात निवांत होतं. मग त्या शांततेत जाईबाई हळू आवाजात म्हणाल्या. एरवी या गाडीत हळू बोलताच येत नसे.

"आक्का वाचंल का रं?"

ओव्हाळांनी पुढं बघत गाडी चालवली. त्यांना जे दोन शिक्के येत होते त्यातला एकही इथं मारता येण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "जाऊन बघू की."

"व्हय," जाईबाई म्हणाल्या, आणि पुन्हा आकडे वाचू लागल्या.

अकराच्या सुमारास ते नाशिकरोडला पोचले. आक्काबाई अंथरुणावर नव्हत्या, दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, मनगटं काठीसारखी, पण नजर जागेवर होती. त्यांचा मुलगा रणजीत सांगत होता की पहाटेपासून अशाच बसल्यात, आत येत नाहीत. जाईबाईंना उतरवून शेजारच्या खुर्चीत बसवलं. सहा वर्षांनी भेटलेल्या त्या दोघींनी एकमेकींचा हात धरला. मग आक्काबाईंनी विचारलं की जेवलीस का. तिथून जे सुरू झालं ते दोन दिवस थांबलं नाही.

मंगळवारी सकाळी ओव्हाळ निघायच्या तयारीत गाडी पुसत होते, तेव्हा आक्काबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या. रणजीतनं डॉक्टर काय म्हणालेत ते सांगितलं. आक्काबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की डॉक्टरला बहीण आहे का. त्या पुढच्या दारापाशी आल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि टेकल्या, बहिणीसारख्याच. अंजलीताईंनी त्यांना मागं निवांत जागा आहे असं सुचवून पाहिलं. मागं बसून जाईच्या डोक्याशी बोलू का, असं आक्काबाईंनी विचारलं. त्या सरकून मधोमध बसल्या, त्यांच्या पलीकडे जाईबाई, आणि गाठोडं दोघींच्या पायांवर.

ओव्हाळांनी समोरच्या नकाशाकडे पाहिलं. दांडीच्या डाव्या अंगाला आता तीन गुडघे आणि एक गाठोडं होतं. पाचवा गेला होता. त्याच बाजूला वर असलेला रिव्हर्सही गेला होता. उरले होते चार गिअर, तेवढेच गाडीत एकोणीसशे अठ्ठावन्न साली होते. अंजलीताई मागून काही बोलल्या नाहीत, आणि त्यासाठी ओव्हाळ त्यांचे जन्मभर ऋणी राहतील.

ज्या गाडीला रिव्हर्स नाही ती चालवताना माणसाला फार विचार करावा लागतो. कुठेही नाक खुपसायचं नाही. चहाला थांबायचं तर जिथून पुढून बाहेर पडता येईल तिथंच थांबायचं. संगमनेरला एक फाटा चुकला तर सरळ पुढे जात, अख्ख्या वस्तीला वळसा घालून ते पुन्हा रस्त्याला लागले. गाडी पन्नासनं किंचाळत होती. तिच्यावर आवाज चढवून आक्काबाई आपल्या लग्नाची हकीकत सांगत होत्या. पासष्ट वर्षांपूर्वीचं लग्न, बैलगाड्यांचं वऱ्हाड, वाटेत एका बैलानं बसकण मारलेली. जाईबाई त्या लग्नाला स्वतः हजर होत्या, तरी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं "मग?" विचारत होत्या. सिन्नरला सुरू झालेलं वऱ्हाड मंचरपर्यंत त्या बैलापाशीच होतं. आक्काबाईंचा आवाज मात्र तास-तासाला मोठा होत होता, आणि राजगुरुनगरला तो थेरगावची इमारत हादरवण्याइतका पूर्ववत झाला.

सोसायटीच्या फाटकात पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. पार्किंग क्रमांक नऊमध्ये शिरताना गाडी एकदा तरी मागे घ्यावीच लागते, दुसरी सोय नाही. ओव्हाळ फाटकात आडवे थांबले. मागून साहेबराव स्कूटरवर आले. त्यांनी एकदा हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला, मग स्कूटर तशीच सुरू ठेवून खिडकीपाशी आले आणि गाडी मागे घ्यायला काय अडचण आहे, असं विचारलं.

ओव्हाळ थकले होते. तरी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून अदबीनं सांगितलं, "साहेबराव, जरा थांबावं लागेल. रिव्हर्सवर मावशी बसल्यात."

साहेबरावांनी वाकून आत पाहिलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे तोंड करून बसल्या होत्या आणि दोघींनाही गाडी थांबल्याचं कळलेलं नव्हतं. साहेबरावांचा हात खिशातल्या वहीकडे गेला आणि तिथंच थोडा वेळ राहिला. मग ते मागे गेले, स्कूटर बंद करून स्टँडवर लावली आणि तिच्यावर बसून राहिले. आत वऱ्हाड अजून वेशीपर्यंत पोचलं नव्हतं.